घुंगरात दिसलेल्या मावशी

हुपरीच्या बायका चांदीचे पैंजण घडवतात आणि कॅटलॉगवर नाव छापलं जातं व्यापाऱ्याचं. याचा मला भयंकर संताप. आमच्या कामगार संघटनेच्या पत्रकासाठी पैंजणाचा फोटो हवा होता, म्हणून तो घडवणाऱ्या मावशींना घेऊन मी गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, एका फोटोग्राफरकडं गेलो. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

पांढरा सदरा, पांढरा पायजमा, खुर्चीवर वाकवलेला पांढरा ड्रॉइंग पेपर. मला बघताच तो ओरडला, "पावणं, लाल शर्ट काढा की! चांदीत तुमचा मोर्चा दिसायलाय!"

मी बनियनवरच त्याला सुनावलं, "या पांढऱ्यावर सगळं दिसतं, राबणारी बाई तेवढी दिसत नाही."

पैंजण पुसता पुसता तो थांबला. मग म्हणाला, "मावशी, जवळ या."

हिरव्या लुगड्यातल्या मावशी बिचकल्या. "माझी सावली पडंल न्हवं चांदीत?"

"पडू दे की. जलमभर लोकांच्या सावल्या हाकलल्या, आज एक ठेवतो."

फोटोत प्रत्येक घुंगरात एकेक हिरवी मावशी वाकून बघत होती.

पत्रकातला माझा जळजळीत मजकूर कुणी वाचला की नाही, देव जाणे. मावशींच्या गल्लीतल्या बायका मात्र आपापले पैंजण घेऊन माझ्या दारात आल्या आणि भांडायला लागल्या, "आमचा कवा काढणार?"