पाणी विकलं तेव्हा

"पाणी कुठवर आलं?"

पुरते डोळे उघडायच्या आधी खलफान हेच विचारायचा. कयामतीला कबरीतून उठूनही हा आधी हेच विचारील, असं गाव चिडवायचं. तो हसायचा. गावच्या कालव्यात आजोबांपासूनची पाण्याची पाळी त्याच्या मालकीची होती. रोवलेल्या काठीची सावली खुणेवर आली की पाणी त्याच्या बागेकडे वळायचं. खजूर पिकायचे, विकले जायचे, घर चालून थोडं गाठीला राहायचं.

मग पाऊस रुसला. निझवा शहरातला एक व्यापारी आपल्या नव्या बागांसाठी लोकांच्या पाळ्या कायमच्या विकत घेऊ लागला, आणि भाव चढत गेला. खलफानचे डोळे फिरले.

"अबू सैफ, खजुराचा येतो तो नफा," कणीक मळता मळता त्याची बायको रय्या त्याला मुलाच्या नावाने हाक मारत म्हणाली. "दरसाल येतो. हे घबाड आहे. एकदाच येईल, आणि जाताना बाग घेऊन जाईल."

"बाग कशाला जाईल? लिलावाचं पाणी आहे की. गावाच्या वाट्याचं ते पाणी दर शुक्रवारी आंब्याखाली बोली लावून मातीमोल जातं."

"जात होतं."

त्याने पाळी विकली. घरावर नवं छत आलं, दारात पिकअप आली. पण ज्या टंचाईने त्याच्या पाळीला सोन्याचा भाव दिला, तिनेच लिलावाचं पाणीही महाग केलं. व्यापाऱ्याचा माणूस तिथेही येऊन बसायचा. शुक्रवार जवळ आला की खलफान उरलेले पैसे पुन्हा पुन्हा मोजायचा. पिकअप विकून थोडे दिवस बाग भिजली. पुढे झावळ्या टोकांपासून करपू लागल्या. कुंपणापलीकडून पाणी खळखळत दुसऱ्याच्या बागेत जाताना ऐकलं की तो जेवण अर्धं टाकून उठायचा.

सकाळचा तो प्रश्न बंद झाला. रय्याला सगळ्यात जास्त भीती त्या गप्प राहण्याची वाटायची.

एका गुरुवारी तो कमरेला खंजर बांधून बाहेर आला. चांदीच्या म्यानाचा, वडिलांचा, सणा-लग्नालाच बांधायचा. ईद नव्हती.

"लग्न कुणाचं आहे?" रय्याने विचारलं. ती कणकेच्या हातांनीच उठून आली होती.

"चांदीला सध्या भाव बरा आहे," तो खाली बघत म्हणाला. "उद्याच्या लिलावापुरतं होईल."

पाळी विकतानाही तो असंच खाली बघून बोलला होता. एका शुक्रवारच्या पाण्यासाठी आता वडिलांचा खंजर जाणार होता.

मुठीवर हात ठेवून तो आपल्या बागेच्या कोरड्या पाटातून निझव्याच्या वाटेला लागला. रय्या कुंपणाशी उभी राहून त्याच्या कमरेकडे बघत राहिली. हातावरची कणीक वाळून तडकली, तरी ती हलली नाही.