बाबांचा पांढरा झगा

माझे बाबा सोलापुरात आमच्या ख्रिस्ती देवळात उपदेशक होते. उपदेशकानं प्रार्थना चालवायची, आजाऱ्यांना भेटायचं, गावोगाव सायकल दामटायची. पण प्रभुभोजनाची भाकर मोडायला पाद्रीच लागायचा. बाबांना पाद्री व्हायचं होतं. मुंबईचे बिशपसाहेब हिवाळ्यात आमच्याकडे यायचे. ते एकदा निघताना म्हणाले, "पुढच्या खेपेला तुमच्या डोक्यावर हात ठेवतो." बिशपांनी हात ठेवला की माणूस पाद्री. झालं! आईनं भवानी पेठेतून मांजरपाट आणून त्या दिवसासाठी पायघोळ झगा शिवला, छातीवर निळ्या दोऱ्यानं क्रूस काढला आणि कडुलिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवून दिला.

तेवढ्यात वरच्यांनी धर्मप्रांताची वाटणी केली. प्रांत फार मोठा, एका बिशपांना झेपेना म्हणे. आम्ही नव्या बिशपांच्या वाट्याला आलो. जमीन वाटतानासुद्धा भावांना विचारतात हो; आम्हाला कुणी विचारलंही नाही. मला अजून त्याचा राग येतो. नव्या साहेबांना बाबा कोण, कुठले, काही ठाऊक नव्हतं.

"ते बी देवाचंच माणूस हाय की," आई म्हणायची. "तुमी फकस्त नाव नीट घ्या."

दर रविवारी प्रार्थनेत आपल्या बिशपांचं नाव घ्यायचं असतं. बाबा कित्येक वर्षं जुन्या साहेबांचं घेत आले होते. नवं इंग्रजी नाव काही केल्या त्यांच्या जिभेवर बसेना. आई भाकरी थापता थापता त्यांच्याकडून ते घोकून घ्यायची. ऐकून ऐकून मलासुद्धा पाठ झालं.

नवे साहेब आले. देऊळ खच्चून भरलं. बाबा उभे राहिले, आवाज नेहमीसारखा खणखणीत. "आणि आमचे बिशप," म्हणाले, आणि जुन्याच साहेबांचं नाव घेऊन मोकळे झाले! वर सगळ्या मंडळीनं सवयीनं जोरात "आमेन" म्हटलं. आईनं माझा दंड असा आवळला की वळ उठले. नव्या साहेबांना मराठी बेताचंच येत होतं, पण नाव कळायला मराठी कशाला लागतं?

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. जाताना बाबांचा हात हातात घेऊन एवढंच म्हणाले, "पुढे बघू."

घरी येताना आईनं विचारलं, "मुद्दाम केलं व्हय तुमी?"

"न्हाय गं. तोंडातनं निसटलं." बाबांचा चेहरा एवढासा झाला होता.

पुढे कुणी बघितलं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात साहेबांनी हात ठेवला तो एका तरुण उपदेशकाच्या डोक्यावर. नाताळ जवळ आला तशी आईनं ट्रंक उघडली, झगा काढला आणि सरळ कात्री चालवली. "आई, नको गं!" मी ओरडले.

"गप बस. कापड काय सडवू?" म्हणाली, आणि रडायला लागली.

नाताळला त्या कापडाचा फ्रॉक मी घातला. क्रूस माझ्या छातीवर आला होता. बाबा देवळाच्या दारात लोकांचं स्वागत करत उभे होते. मला बघून थबकले, वाकून निळ्या टाक्यांवरून बोट फिरवलं. "शोभतोय की तुला," म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मागे माणसं खोळंबली, तरी त्यांनी तो काढला नाही.