व्रण आणि देवरे मॅडम

प्रयोगशाळेत नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला देवरे मॅडम पहिला प्रश्न एकच विचारायच्या, "तुझ्या अंगावर व्रण कुठे आहे?" मी मुलाखतीसाठी गेलो तेव्हा गुणपत्रिका हातात धरून बसलो होतो. त्यांनी ती बाजूला ठेवली. मी पँट वर करून गुडघ्यावरची लहानपणीची खूण दाखवली. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ती निरखून पाहिली.

"जखम झाली, शरीरानं ती बुजवली आणि काम संपल्यावर ते थांबलं," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे येणाऱ्या पेशंटच्या फुप्फुसात हे थांबणंच होत नाही. जखम नसली तरी व्रण वाढत राहतो. फुप्फुस कडक होतं, माणसाला श्वास पुरत नाही. का थांबत नाही, ते शोधायचं. जमेल?"

नाशिकच्या एका महाविद्यालयाच्या मागच्या इमारतीत आमची प्रयोगशाळा होती. मॅडम मूळच्या सटाण्याकडच्या. एरवी स्वच्छ पुस्तकी मराठी बोलत, पण कुणी निकाल गोड करून सांगू लागलं की अहिराणीवर येत. "जे शे ते सांग," म्हणत, म्हणजे जे आहे तेच सांग. त्या आवाज चढवत नसत, तरी त्यानंतर कुणी सारवासारव करत नसे.

आमच्या पेशंटपैकी तुळशीराम गावित सुरगाण्याचे. रोगाचं निदान करताना डॉक्टरांनी त्यांच्या फुप्फुसाचा लहानसा तुकडा काढला होता. त्यातला उरलेला भाग त्यांच्या संमतीनं आमच्याकडे आला आणि त्यातल्या व्रण तयार करणाऱ्या पेशी आम्ही बाटल्यांत वाढवल्या. तपासणीसाठी शहरात आले की ते प्रयोगशाळेत डोकवायचे. जिना चढून आल्यावर बराच वेळ बोलता येत नसे. मग म्हणायचे, "म्याडम, माझा तुकडा जिता हाय ना?"

मॅडम त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवत. पेशंटला आत घेऊ नये असा नियम होता. मॅडम नियमांच्या पक्क्या होत्या, पण हा एक त्यांनी कधी पाळला नाही.

"ह्ये माझं हाय?" डोळा न काढता तुळशीराम विचारत.

"तुमचंच. पण कायमचं नाही. काही काळ वाढतात, मग दमतात."

"माझ्यावानीच," म्हणून ते हसत आणि हसताना त्यांना खोकला येई.

त्या काळात आम्ही एका औषधावर काम करत होतो. बाटलीत ते तुळशीरामच्या पेशींना शांत करत होतं. उंदराला फुप्फुसात इजा करून त्याच दिवशी औषध दिलं की व्रण फारसा वाढत नव्हता. शोधनिबंध लिहून तयार होता, एका कंपनीनं विचारणाही केली होती. तुळशीरामना हे कळल्यापासून दर खेपेला त्यांचा प्रश्न ठरलेला, "उंदराला गुण आला का?"

मॅडमनी निबंध थांबवला. "माणूस आपल्याकडे पहिल्या दिवशी येतो का?" त्यांनी मला विचारलं. "तो दम लागल्यावर येतो. उंदराच्या फुप्फुसात व्रण पुरता तयार झाल्यावर औषध देऊन बघू."

तसं बघितलं. औषधाचा काही उपयोग झाला नाही. मॅडमनी तो निकाल निबंधात घातला आणि कंपनीचे फोन बंद झाले. पुढच्या खेपेला तुळशीरामनी विचारलं तेव्हा मी मॅडमकडे पाहिलं.

"नाही आला," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारखा जुना व्रण या औषधानं जात नाही."

तुळशीरामनी सूक्ष्मदर्शकाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "मंग आता?"

"आता दुसरं शोधायचं. तुम्हाला ते वेळेत मिळेल असं मी सांगणार नाही."

पुढच्या पावसाळ्यात ते रुग्णालयात वारले. बायको कमळाबाई भाताच्या लावणीसाठी गावी गेली होती. तिला निरोप मिळून ती जीपनं नाशिकला पोचली तेव्हा सगळं संपलं होतं.

दिवसकार्य आटोपल्यावर ती एकटीच प्रयोगशाळेत आली. "मी कुंकू पुसलं," ती म्हणाली, "पन तुमच्या कपाटात त्यो जिता हाय म्हनत्यात. मंग मी काय समजू?"

पेशी ठेवून घ्यायला तुळशीरामची सही होती. मी ते बोलू लागताच मॅडमनी मला हातानं थांबवलं. दुसऱ्या औषधाचा प्रयोग त्याच पेशींवर चालला होता, अर्ध्यावर होता.

"तुम्ही म्हणाल तर आज बंद करते," त्या म्हणाल्या. "ठेवल्या तर पुढच्या पेशंटसाठी काही कळेल. कळेलच असं नाही."

कमळाबाईनं काचेच्या दारातून आत पाहिलं. "नको, बंद नका करू. दमू द्या त्यांचं त्यांना. मंग मला कळवा."

काही महिन्यांनी शेवटच्या बाटलीतल्या पेशी वाढायच्या थांबल्या. प्रयोग तोवर पुरा झाला होता. हाती थोडंफार लागलं होतं, औषध म्हणावं असं काही नाही. मॅडम त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सूक्ष्मदर्शकापाशी बसून होत्या. फोनवर सांगता आलं असतं, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी काढली आणि मला बरोबर घेतलं.

कमळाबाई अंगणात नागली पाखडत होती. आम्हाला पाहून तिला कळलंच. सूप खाली ठेवून ती ओट्यावर बसली.

"थांबल्या," मॅडम म्हणाल्या.

कमळाबाईनं पदर तोंडाला लावला. तुळशीराम गेल्यानंतर ती प्रयोगशाळेत आली होती, तेव्हा रडली नव्हती. आता रडली. मॅडम तिच्याशेजारी ओट्यावर बसून राहिल्या. जरा वेळानं तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "शेवटाला कोन व्हतं का जवळ?"

"होते," मॅडम म्हणाल्या. "मी होते."

कमळाबाईनं मान हलवली. मग उठून आम्हाला हातपाय धुवायला पाणी दिलं आणि भाकरी टाकायला आत गेली.