डाव्या हाताची शिवण

आक्कांच्या दुकानात मॅनेजर एकच, आणि तो बोका. दिवसभर कात्रणांच्या ढिगात लोळायचं, दुसऱ्याच्या कामावर जाऊन बसायचं आणि कुणी उठवलं की तोंड वाकडं करायचं, एवढ्या गुणांवर त्याला ही बढती मिळाली होती.

आक्का पुस्तकबांधणी करायच्या. वय बासष्ट, अंगानं काटकुळ्या, जीभ मात्र दाभणासारखी. दुकान आजोबांनी काढलेलं. वडिलांनंतर ते आक्का आणि त्यांचा धाकटा भाऊ अशा दोघांकडे आलं. धाकटा अठ्ठावन्न वर्षांचा झाला तरी सगळे त्याला बाळच म्हणायचे. बाळ पुढे गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा. आक्का आत, लाकडी पडदीमागे, फर्मे शिवायच्या. फर्मा म्हणजे छापून घडी घातलेल्या पानांचा जुडगा. असे वीस-पंचवीस फर्मे रचून मेण लावलेल्या दोऱ्यानं एकमेकांना शिवले की पुस्तकाचा कणा उभा राहतो. बाळला सुईत दोरा ओवता यायचा नाही. त्याचं कुणाला वाईट वाटत नसे, बाळलाही नाही.

त्या घरात दोन गोष्टी पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या. पहिली आजोबांच्या बोटांची. दुकान काढलं त्याच वर्षी त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट कागद कापायच्या यंत्रात गेलं. तरीही गडी खचला नाही, उरलेल्या आठ बोटांनी त्यानं अशी पुस्तकं शिवली की अजून पान हलत नाही. बाळ ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा, आणि दर वेळी यंत्राचं पातं थोडं मोठं व्हायचं. आजीबद्दल विचारलं तर म्हणायचा, "आजी खळ शिजवायची."

दुसरी गोष्ट गवंड्याची. पडदीमागची शिवायची बैठक भिंतीला धरून पक्की बांधलेली, आणि खिडकी नेमकी बसणाऱ्याच्या उजव्या हाताला. उजवा हात चालायला लागला की सावली बरोबर सुईवर. जेवढे कारागीर कामाला राहून गेले ते सगळे या खिडकीच्या नावानं बोटं मोडून गेले. "गवंडी पिऊन आला होता," असं वडील सांगायचे आणि घर हसायचं.

आक्कांना त्या जागेचा कधी त्रास झाला नाही. त्या डावखुऱ्या. लहानपणी वडिलांनी हातावर पट्टी मारून त्यांचं पेन उजव्या हातात दिलं होतं. "आजीचा हात आलाय हिला," असं पुटपुटले, आणि मग म्हणाले, "लोकांसमोर तरी उजव्यानं करत जा." आक्का उजव्यानं लिहायला शिकल्या. सुई मात्र त्यांनी डाव्या हातातून सोडली नाही.

यंदा दुकानाला शंभर वर्षं होत होती. बाळनं मोठा घाट घातला. रविवारी सगळे नातेवाईक बोलावले आणि दारावर लावायला नवी पाटी रंगवायला टाकली. वर आजोबांचं नाव, खाली ठसठशीत अक्षरांत 'आठ बोटांचा कारागीर'.

गुरुवारी त्यानं काचेचं कपाट पुसायला उघडलं. त्यात घराचं पुस्तक असायचं. जन्म, लग्नं, मृत्यू, सगळं त्यात लिहिलेलं. कातडी बांधणीचं, उशीएवढं जाड, आजोबांच्या हातचं म्हणून देवासारखं जपलेलं. बाळ फडकं धुवायला गेला आणि तेवढ्यात मॅनेजरनं आत शिरून पुस्तकाच्या पाठीवर नखांना धार लावून घेतली. कातड्याची वीतभर पट्टी सोलून निघाली.

"आजच्या आज हा बोका बाहेर," बाळ म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता.

"कपाट उघडं कुणी टाकलं?"

"आक्का, विषय बदलू नकोस. आजोबांच्या हातची वस्तू होती ती."

"बोका गेला की मीही जाते. शाळेची सगळी पुस्तकं सोमवारी तू शिव. दोरा त्या डब्यात आहे."

बाळनं डब्याकडे बघितलं. बोका राहिला.

आक्का पुस्तक दुरुस्तीला घेऊन बसल्या. कातडं बाजूला केलं, वाळकी खळ ओल्या फडक्यानं मऊ करून खरवडली आणि शिवण उघडी पडली. मग त्यांचा हात थांबला.

उजव्या हाताचा माणूस शिवायला उजव्या टोकाकडून घेतो, त्यामुळे सुरुवातीची गाठ पुस्तकाच्या पायथ्याशी पडते. डावखुरा डाव्या टोकाकडून घेतो, त्याची गाठ माथ्याशी. या पुस्तकाची गाठ माथ्याशी होती. आक्कांना वाटलं, आपणच शिवलंय. पण त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्यांच्या वडिलांचा जन्म लिहिलेला होता.

त्यांनी माळ्यावरून आजोबांच्या काळातली नमुन्याची पुस्तकं काढली. अकरा निघाली. एकेकाची पाठ उकलत दुपार गेली, चहावर साय धरली. अकराही गाठी माथ्याशी. आक्कांनी खिडकीकडे बघितलं, आपल्या डाव्या हाताकडे बघितलं, आणि बाळला हाक मारली.

बाळनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आजोबाही डावखुरे असतील."

"डाव्या हाताच्या कुठल्या बोटांनी धरत होते सुई? गावभर तूच सांगत फिरतोस."

बाळनं डोकं खाजवलं. "बरं, एखादं शिवलं असेल आजीनं. हाताखाली असायची ती."

"घरातलं धरून बारा आहेत. एक तरी उजव्या हाताचं दाखव."

"मग आजोबा काय करत होते?"

"तू काय करतोस?"

हे जरा लागलं. आक्का आवाज उतरवून म्हणाल्या, "गल्ल्यावर बसण्यात कमीपणा नाही रे. दुकान त्यांनीच चालवलं. पण शिवण तिची आहे, कारागीर म्हणून त्यांचं नाव लावायचं नाही."

"त्या काळी बाईच्या हातचं काम लोकांनी घेतलं नसतं, म्हणून तर..."

"म्हणून पडदीमागे बसवलं, आणि उजेडासाठी खिडकी तिच्या सोयीनं पाडून दिली. तेवढं केलं त्यांनी. त्या गवंड्याला आपण उगाच दारुडा ठरवला. पण बाळ, आता तू कुणाला भितोस?"

"पाटी रंगून झालीय, आक्का. पन्नास माणसं येणार आहेत. एका बोक्यानं नख मारलं म्हणून घराचा इतिहास बदलायचा?"

"इतिहास होता तसाच आहे. नुसतं कातडं निघालं."

शनिवारी पाटी लागली. आक्का एक अक्षर बोलल्या नाहीत. बाळची बायको त्याला हळूच म्हणाली, "त्या भांडत होत्या तेव्हा बरं होतं."

रविवारी सकाळी आक्कांनी शिवायचं टेबल फरफटत दुकानाच्या दारात आणलं, बरोबर पाटीखाली. एका बाजूला घराचं पुस्तक, उघड्या पाठीचं, तसंच. समोर कोऱ्या कागदांचे फर्मे. आणि सुई डाव्या हातात. आत जायचं तर टेबलाला वळसा घालावाच लागत होता.

"अगं, आज तरी सुट्टी घ्यायचीस," मामेबहीण म्हणाली. "आणि हे काय, पुस्तक सोललेलं? पाहुण्यांपुढे?"

"पाहुण्यांसाठीच. ही गाठ बघ. आता माझी बघ. दोन्ही डाव्या हाताच्या."

मामेबहिणीनं दोन्ही बघितल्या, मग वर पाटी बघितली. "म्हणजे हे वर लिहिलंय ते..."

"आजोबांचं नाव खरं आहे, दुकान त्यांचंच. कारागीर आजी होती."

ती आत गेली आणि तिनं बाळला विचारलं. तिच्या मागून आलेल्यानंही विचारलं. बाळ भाषणाला उभा राहिला, "आमच्या आजोबांनी आठ बोटांनी," इथपर्यंत पोचला, तोच म्हातारे चुलते म्हणाले, "थांब रे बाळ, ते बोटांचं आधी मिटव. दारात ती काही वेगळंच दाखवतेय."

बाळ ताडताड बाहेर आला. "घराची इज्जत घालवलीस."

"कुणाची? एकीला तर ती आजच मिळतेय."

त्यानं ते जड पुस्तक उचललं, उजेडात धरलं आणि माथ्याच्या गाठीवरून अंगठा फिरवला. आयुष्यात पहिल्यांदा तो शिवण बघत होता. बारीक, एकसारखी, एक टाका इकडचा तिकडे नाही.

"मला हे कुणी कधी दाखवलं नाही," तो म्हणाला.

"पडदीच्या आत कधी आलास?"

बाळनं आत पाहुण्यांबरोबर जेवायला बसलेल्या पाटीवाल्याला हाक मारली. पाटीवाला घास गिळतच आला.

"नवी करायची. दोघांची नावं. आधी तिचं, आणि कारागीर तिच्याच नावापुढे."

"अहो, हिचा रंग अजून पुरता वाळला नाही."

"मग खरडायला सोपी जाईल."

पाटी उतरवायला बाळनं शिडी भिंतीला लावली. दोन पायऱ्या चढला तशी ती डगमगली. पन्नास माणसं दारात दाटीवाटीनं उभी होती, आणि त्याला मात्र बहिणीलाच सांगायचं सुचलं.

"आक्का, जरा शिडी धर."

"माझे हात गुंतलेत," आक्का म्हणाल्या, आणि त्यांनी दोऱ्याला ओढ दिली.