पाम अंकलचा हिवाळा

प्रबोध तांबे यांना स्वस्थ बसता येत नाही. भात शिजत असताना ते झाकण उचलून बघतात. बसला उशीर झाला तर स्टॉपवर उभे न राहता पुढच्या स्टॉपकडे चालू लागतात, आणि दोन स्टॉपच्या मधे असतानाच बस त्यांच्या शेजारून निघून जाते. त्यांची बायको प्रणिता म्हणायची, "तुमच्या हातून बी पेरायला नको. दुसऱ्या दिवशी उकरून बघाल." ती जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून सिंगापूरच्या बुकित बातोक भागातल्या फ्लॅटमध्ये ते एकटेच राहतात. सकाळी बुद्धवंदना म्हणून होते न होते तोच चपला पायांत घालतात.

नोकरीही त्यांना स्वभावाला साजेशीच मिळाली होती. तुआसच्या कारखान्यांमधून गरम आणि गार पाइपांचं जाळं असतं. पाइपांवर इन्सुलेशनचं जाड पांघरूण, आणि त्यावर चकचकीत पत्रा. बाहेरून सगळं देखणं. आत गंज धरलाय का हे पत्रा उचकटून बघायचं, हे प्रबोधरावांचं काम. चिपळूणजवळच्या खेड्यातून चेंबूरला आणि चेंबूरहून सिंगापूरला आलेल्या या माणसाने उभा जन्म झाकलेल्या वस्तू उघडून बघण्यात घालवला.

त्यांची मुलगी स्नेहल नवऱ्याबरोबर रॉटरडॅमला गेली. जावई अंकुर इथे बंदरात होता, तिथेही बंदरात. नात गार्गी जाताना आठ वर्षांची होती. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये प्रबोधराव दोन महिने त्यांच्याकडे राहायला गेले. चौथ्या दिवशी त्यांचे हात शिवशिवायला लागले, म्हणून स्नेहल त्यांना रोपांच्या दुकानात घेऊन गेली. तिथे त्या थंडीत, ओल्या फरशीवर, पामची झाडं रांगेत उभी होती. पंख्यासारखी पानं, आणि खोडाभोवती तपकिरी काथ्या.

"हे इथे जगतं?" त्यांनी विचारलं.

"बर्फातही जगतं, असं ती बाई म्हणते," स्नेहल म्हणाली. "थंड डोंगरातला पाम आहे हा."

प्रबोधरावांनी खोडाला हात लावला. "हा तर घरूनच काथ्याचा सदरा घालून आलाय," असं म्हणून त्यांनी आपल्या छातीएवढा एक पाम घेतला.

मागच्या अंगणात त्यांनी आणि गार्गीने मिळून तो लावला. सिंगापूरची मुलं प्रत्येक थोराला अंकल म्हणतात. गार्गीने झाडाचंही तेच केलं. पाम अंकल.

त्याच संध्याकाळी स्नेहलने अनेक दिवस मनात असलेला विषय काढला. "बाबा, आता इकडेच या. खालची खोली रिकामी आहे. तिकडे एकटे किती दिवस काढणार?"

प्रबोधरावांना हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. ते नळाखाली हात धूत राहिले. मग म्हणाले, "या झाडाला तुमचा एक हिवाळा काढू दे. त्याने काढला तर मी येतो."

त्यांनी वेळ मारून नेली होती. पण गार्गीने ते शब्द पक्के धरले. "आजोबा, प्रॉमिस हां. अंकल पास झाला तर तुम्ही यायचं. नो चीटिंग लाह." सिंगापूरचा 'लाह' अजून तिच्या तोंडी होता.

*

सिंगापूरला परतल्यावर त्यांनी फोनवर बुकित बातोकच्या हवामानाखाली रॉटरडॅमचंही हवामान लावून घेतलं. वरचा आकडा जागचा हलत नसे. खालचा ऑक्टोबरपासून घसरायला लागला, आणि प्रबोधराव घरात येरझाऱ्या घालू लागले.

त्यांनी स्नेहलला फोन करून पानं वर गोळा करून बांधायला सांगितली. मग खोडाला जाड कापड. मग बुंध्याशी गवत.

"बाबा, दुकानातली बाई म्हणाली होती, फार थंडी पडली तरच सैल कापड टाका आणि नंतर काढा. आमच्या गल्लीत दोन घरांपुढे उघडेच पाम उभे आहेत."

"ते तिथले झालेत. आपला नवीन आहे."

नोव्हेंबरात पाऊस आणि वारा सुरू झाला. तेव्हा प्रबोधरावांनी वरून प्लॅस्टिक गुंडाळायला सांगितलं. डिसेंबरात खालचा आकडा शून्याच्या खाली उतरला, तेव्हा प्लॅस्टिकवर जुनी रजई आणि तिच्यावर पुन्हा प्लॅस्टिक चढलं. सांध्यांवर चिकटपट्टी लावून घेतली. "वारा शिरता कामा नये," ते पुन्हा पुन्हा सांगत. अंकुर ऑफिसातून येऊन, हातमोजे काढून, बोटं गारठलेली असताना पट्ट्या लावत होता. व्हिडिओवर आता झाड दिसतच नव्हतं. अंगणात एक फुगलेलं बोचकं उभं होतं.

प्रबोधरावांचे जुने मित्र उत्तम सिंगापूरच्या दुसऱ्या टोकाला, सेंगकांगला राहतात. तुआसमध्ये ते परांच्या बांधायच्या कामावर देखरेख करत. दर शनिवारी ते एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, येतात आणि दोघं हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांवर कोपी, इथली दाट कॉफी, पितात. प्रबोधरावांनी त्यांना बोचक्याचा फोटो दाखवला.

"जय भीम. कुणाला बांधून ठेवलंय हे?" उत्तम म्हणाले.

"पाम आहे."

"मला वाटलं स्टीमची लाइन. वरून पत्रा मारायचा राहिला बघ." उत्तमनी कपात फुंकर घातली. "झाडाच्या निकालावर घर बदलणारा पहिलाच माणूस बघतोय मी. माझ्या मुलीने बोलावलं असतं तर मी बॅग भरून दारात उभा असतो. पण ती बोलवत नाही, चतुर आहे."

"मी कुठे नाही म्हणतोय."

"हो तरी कुठे म्हणतोयस?"

प्रबोधरावांनी फोन खिशात घातला आणि लगेच बाहेर काढला. रॉटरडॅममध्ये उणे चार होतं.

*

निवृत्त झाल्यावरही प्रबोधरावांना अधूनमधून तुआसला बोलावणं येतं. नवीन तपासनिसांना अर्धा दिवस शिकवायचं असतं. जानेवारीच्या शेवटी असेच ते गेले होते. समोर वीसेक तरुण इंजिनिअर, टेबलावर पांघरुणासकट कापून आणलेला पाइपचा तुकडा. वरचा पत्रा आरशासारखा. प्रबोधरावांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांना तो हाताळायला लावला. मग कात्रीने पत्रा कापला आणि ओलं, काळं पडलेलं इन्सुलेशन ओढून काढलं. आतल्या पोलादाचे पापुद्रे टेबलावर पडले. कुणीतरी नाकाला हात लावला.

त्यांनी इंग्रजीत म्हणायला सुरुवात केली. हे वाक्य ते वर्षानुवर्षं म्हणत आले होते. थंडीने पाइप मरत नाही. पांघरुणाच्या आत अडकलेल्या पाण्याने मरतो. जितकं घट्ट बांधाल, तितकं...

पुढचे शब्द आलेच नाहीत. मुलं वाट बघत होती. प्रबोधराव त्या काळ्या लगद्याकडे बघत राहिले, मग "पाच मिनिटं," म्हणून व्हरांड्यात गेले आणि फोन लावला. रॉटरडॅममध्ये नुकतं उजाडत होतं.

"स्नेहल, काढा सगळं. आत्ता."

"बाबा? बाहेर बर्फ पडलंय. परवाच तर म्हणालात, अजून एक थर लावा."

"चूक सांगितलं. काढा."

अंकुरने कात्रीने पट्ट्या कापल्या. गार्गीने फोन धरला होता. प्लॅस्टिक निघालं, रजई निघाली. रजईतून पाणी गळत होतं. स्नेहलने तोंड फिरवलं. "वास येतोय, बाबा."

"मधला कोंब बघा. न उघडलेलं पान असतं ना, ते हलकेच ओढून बघा. घट्ट आहे का?"

फोन स्नेहलकडे देऊन गार्गीने हात घातला. कोंब अलगद बाहेर आला. खालचं टोक तपकिरी आणि बुळबुळीत होतं. तिने तो फोनसमोर धरला.

"आजोबा, केम आउट," ती म्हणाली.

व्हरांड्यात ऊन होतं. प्रबोधरावांच्या कपाळावरचा घाम भुवईत उतरला. आत वर्ग वाट बघत होता. ते आत गेले आणि उरलेला तास त्यांनी कसा शिकवला, ते त्यांना नंतर आठवेना.

*

शनिवारी त्यांनी उत्तमना सगळं सांगितलं. उत्तम आधी हसले. "तीस वर्षं लोकांची पांघरुणं फाडलीस आणि घरचं झाड शिवून टाकलंस." मग कप खाली ठेवत म्हणाले, "खरं सांगू? तुला जायचं नव्हतं. म्हणून मारलंस त्याला."

ते थट्टेने म्हणाले, पण प्रबोधरावांच्या ते मनातून जाईना. घरी येऊन त्यांनी भात लावला आणि झाकण उचलायचं विसरले. भात करपला. मला हे ठाऊक होतं, ते स्वतःशी म्हणत होते. दुसऱ्या कुणाला नसेल, पण मला ठाऊक होतं. मग तसं सांगितलं कसं? दुसऱ्या दिवशी ते एमआरटीत बसले आणि कारण नसताना शेवटच्या स्टेशनपर्यंत जाऊन आले. खिडकीतून तुआसच्या टाक्या, पाइपांचे पट्टे, सगळीकडे चकचकीत पत्रा. जायचं नव्हतं हे खरं होतं का, हे त्यांना सांगता येईना. भीती वाटत होती, एवढं मात्र खरं. तिथे या वयात नवीन काय फुटणार, ही भीती. ती त्यांनी सबंध हिवाळा त्या झाडावर गुंडाळली होती.

पण झाड मेलं असंही म्हणता येत नव्हतं. दुकानातल्या बाईने स्नेहलला सांगितलं, कोंब गेला तरी खाली जीव असू शकतो. मधलं कुजलेलं घट्ट देठापर्यंत कापून काढा, औषधाचं पाणी घाला, पाऊस लागू देऊ नका, वारा लागू द्या, आणि थांबा. उन्हाळ्यापर्यंत काही कळणार नाही.

पाऊस नको पण वारा हवा, यावर उत्तमनी हॉकर सेंटरच्या टिश्यूवर चार काठ्यांची छोटी परांची काढून दिली. वर उतरतं छप्पर, बाजू मोकळ्या. "पैसे घेतले असते," ते म्हणाले, "पण तुझ्या पापात मला थोडं पुण्य मिळू दे." अंकुरने ती तशीच उभारली.

राहिलं थांबणं, आणि नेमकं तेच प्रबोधरावांना जमत नव्हतं. फेब्रुवारीत ते गार्गीला रोज सांगायचे, मधे बोट घालून बघ, काही लागतंय का. बाजूची पानं ओढून बघ, सैल झालीत का. एक दिवस गार्गीने नकार दिला.

"नो, आजोबा. तुम्ही रोज ओढायला सांगता. अंकलला पेन होत नाही का?"

मागून स्नेहलचा आवाज आला. "बाबा, आई म्हणायची तसंच झालं बघा. बी उकरून बघणं."

गार्गीने जांभळं मार्कर आणून मधल्या कापलेल्या देठावर आणि त्याला लागून असलेल्या दोन देठांवर मिळून एक सरळ रेघ ओढली. मधलं वाढलं तर रेघ मोडेल. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. हे तिने कुठेतरी व्हिडिओवर पाहिलं होतं. "दर रविवारी फोटो पाठवीन. रविवारीच. बाकीचे दिवस तुम्ही विचारायचं नाही, ओके?"

मार्च गेला, एप्रिल गेला. रविवारी फोटो यायचा. रेघ सरळ. प्रबोधराव तो बोटांनी मोठा करून बघत, चष्मा पुसून पुन्हा बघत. सोमवारपासून शनिवारपर्यंत बुकित बातोकच्या टेकडीभोवती चालत. स्नेहल खोलीबद्दल काहीच विचारत नव्हती. त्यामुळे त्यांची तगमग आणखी वाढली. शेवटी एकदा तिनेच सांगितलं, सप्टेंबरपासून खालची खोली एका विद्यार्थ्याला द्यायचं अंकुरच्या मनात आहे. "तुमच्यावर दबाव नाही, बाबा. झाडाचं तर अजून काही नक्की नाही."

"नाही अजून," ते म्हणाले. फोन ठेवल्यावर बराच वेळ ते गॅलरीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांची टोकं चाचपत उभे राहिले. वाळलेले शर्ट त्यांनी तीनदा चाचपले.

*

वैशाख पौर्णिमेला सिंगापुरात सुट्टी असते. प्रबोधराव आणि उत्तम विहारात जाऊन आले. घरी येऊन त्यांनी प्रणिताच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि रॉटरडॅमला व्हिडिओ लावला. तिकडे सकाळ होती. गार्गी दात घासत आली.

"आजोबा, आज संडे नाही. अंकल दाखवणार नाही."

"नको दाखवू. आईला बोलाव."

स्नेहल आली. तिच्या चेहऱ्यावर भीती होती. इतक्या सकाळी फोन, म्हणून.

"खोली त्या मुलाला देऊ नका," प्रबोधराव म्हणाले. "निदान फेब्रुवारीपर्यंत. मी नोव्हेंबरात येतो, तीन महिने. हिवाळा काढून बघतो."

गार्गीच्या तोंडात ब्रश तसाच होता. "बट अंकल अजून पास झाला नाही."

"अंकलला पुढे करून मी मागे राहिलो होतो. या वेळी मीच बसतो परीक्षेला."

"फेल झालात तर?"

"तर परत येईन. पण मला गुंडाळू नका हं. दार लावून घरात बसवू नका. बाहेर हिंडू द्यायचं, बर्फ असलं तरी."

स्नेहलने फोन गार्गीच्या हातात दिला आणि कॅमेऱ्याबाहेर गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. सोफ्यावर बसून हे सगळं ऐकणाऱ्या उत्तमनी मान हलवली. "रडतेय वाटतं. शाबास."

नोव्हेंबरच्या प्रवासासाठी प्रबोधरावांनी जूनमध्येच कोट घ्यायला उत्तमना सोबत नेलं. बाहेर ऊन भाजत होतं. दुकानात थंड देशांना जाणाऱ्यांसाठी कपडे टांगलेले होते. विकणाऱ्या बाईने त्यांना आधी बनियन, त्यावर लोकरीचा स्वेटर, त्यावर पिसांचा जाड कोट चढवला. आरशात ते फुगलेले दिसत होते.

"बोचकं," उत्तम म्हणाले.

प्रबोधरावांनी मधला लोकरीचा काढून परत दिला. मग कोट उलटा करून शिवणींवरून अंगठा फिरवला. "आतला घाम बाहेर जातो का यातून?" त्यांनी बाईला इंग्रजीत विचारलं. ती म्हणाली, खूप गरम आहे, अंकल, काळजी नको.

"गरम आहे ते दिसतंय. घाम जातो का?"

ती दुसरा कोट आणायला आत गेली. तेवढ्यात फोन वाजला. रविवार होता. गार्गीचा फोटो. प्रबोधरावांनी तो मोठा केला. जांभळी रेघ मधे मोडली होती. मधला तुकडा दोरीच्या जाडीइतका वर सरकला होता. त्यांनी फोन उत्तमपुढे धरला.

"डाग असेल," उत्तम म्हणाले. मग चष्मा लावून पुन्हा बघितलं, आणि रेघ मोडलेल्या जागी बोट टेकवलं.

प्रबोधरावांनी गार्गीला लिहिलं, हात लावू नकोस. लिहून झाल्यावर त्यांनी ते पुसलं, कारण ती हात लावणार नव्हतीच. मग फोन खिशात घातला. बाई दुसरा कोट घेऊन आली होती. ते बाह्यांत हात घालू लागले, आणि एका बाहीत हात अर्धा असतानाच फोन पुन्हा खिशातून काढून बघू लागले.