शैलाताई, मांजरपाट आणि आल्प्सचा बर्फ

शैलाताई आज पहाटे गेल्या. त्यांना 'सोशिक' म्हणणाऱ्याला मी अनफ्रेंड करीन.

सकाळपासून ग्रुपवर तेच चाललंय. शांत होत्या, सोशिक होत्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

कोण? शैलाताई?
तुमचा कुणाशी तरी घोळ होतोय.

नव्वदच्या दशकात लग्न होऊन मी पुण्याहून सिंगापूरला आले. बिशानला आमच्याच ब्लॉकमध्ये, बरोबर वरच्या मजल्यावर शैलाताई राहायच्या. त्यांचे मिस्टर, मधुकरराव, आधी बोटीवर चीफ इंजिनियर होते. नंतर तुआसला जहाजदुरुस्तीच्या यार्डात.

पहिल्यांदा वर चहाला गेले आणि दारातच थबकले.
बाहेर अंगाची लाही, आणि हॉलच्या भिंतींवर सगळीकडे बर्फ.

जुनी स्कीची पोस्टर्स. युरोपातल्या बंदरांमधल्या जुन्या बाजारांतून मधुकररावांनी गुंडाळून आणलेली. दावोस, शामोनी, सेंट मॉरिट्झ. निळंभोर आकाश, लाल स्वेटर घातलेली बाई, पायाला लाकडी पट्ट्या, आणि ती डोंगरावरून सुसाट खाली येतेय. वर हसतेय.

ओळखीच्या बायका टोमणे मारायच्या. "नवरा तुआसला घाम गाळतोय आणि ही हिमालय लावून बसलीय!"

"हिमालय नाही, आल्प्स," शैलाताई म्हणायच्या. "हिमालयात तप करतात. इथे मजा करतात."

एकदा मी विचारलंच, एवढं काय आहे हो यात?

"अगं, माणसांना बोलावण्यासाठी काढलेली चित्रं आहेत ही. प्रत्येक पोस्टर म्हणतं, या! मला जन्मभर सगळे 'चल'च म्हणाले. सासरी चल, मुंबईला चल, सिंगापूरला चल."

मग मधुकरराव गेले. यार्डातून घरी आले, बूट काढता काढता हार्ट अटॅक.

पुण्याहून धाकटे दीर आले. दिवसवार झाले आणि त्यांनी माळ्यावरच्या सुटकेस काढल्या.
"वहिनी, आता चला. इथे तुमचं कोण आहे?"

माणूस वाईट नव्हता. पण तेव्हा मला त्यांना लिफ्टमध्ये कोंडून ठेवावंसं वाटलं होतं.

शैलाताई म्हणाल्या, "मी येणार नाही."

बोलणं सोपं होतं. त्यांचा सिंगापूरला राहण्याचा पास नवऱ्याच्या नोकरीवर होता. नवरा गेला की पास गेला. राहायचं तर स्वतःची नोकरी हवी आणि पास स्वतःच्या नावाचा. शिक्षण बी.ए. मराठी. नोकरीचा अनुभव शून्य.

मधुकरराव ज्यांच्याकडे पोस्टर्स फ्रेम करून घ्यायचे, त्या चिनी अंकलकडे त्या थेट गेल्या. मी सोबत होते. एका रेस्टॉरंटची जुनी स्की पोस्टर्स अंकलकडे पडून होती, चिंध्या झालेली. ती कापडावर चिकटवणारं माणूस त्यांना मिळत नव्हतं. खळ गव्हाच्या सत्त्वाची लागते, अंकल म्हणाले.

शैलाताईंनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे कुरडयांचा चीक!"

"आंटी, यू डू वन फॉर मी फर्स्ट. इफ गुड, आय अप्लाय युअर पास. कॅन?"
"कॅन," शैलाताई म्हणाल्या.

गहू भिजले, आंबले, वाटले गेले. अख्ख्या मजल्यावर आंबूस वास. दीर नाकाला रुमाल लावून पेपर वाचायचे. लिटिल इंडियातून आणलेला मांजरपाट चौकटीवर ताणला, चीक शिजवून फासला आणि तुकडा तुकडा जुळवत पोस्टर चढवलं.

काय दिसत होतं ते! आम्ही दोघी नुसत्या बघत बसलो.

दोनचार दिवसांत आल्प्सला घाम फुटला.
निळ्या आकाशावर ओले डाग. कापड दमट. शैलाताईंनी मागच्या बाजूला बोट लावलं, जिभेला लावलं आणि मटकन खाली बसल्या.

"मीठ. मीठ घातलं गं मी चिकात."

इतक्या वर्षांचा कुरडयांचा हात. चीक शिजायला लागला की हात आपोआप मिठाच्या बरणीकडे. आणि सिंगापूरची हवा ती, मिठाला पाणी सुटायला कितीसा वेळ लागणार?

दीर हळूच म्हणाले, "वहिनी, देवाचीच इच्छा दिसतेय."

"देवाची नाही, भाऊजी. मिठाची. सरका जरा."

बाथरूमच्या फरशीवर प्लास्टिक अंथरून त्यांनी पोस्टर पाण्यात घातलं. मला वाटलं, संपलं सगळं. पण चीक पाण्यात सुटतो. कागद कापडावरून अलगद मोकळा झाला. दोघींनी एकेक तुकडा दोन टोकांना धरून उचलला. मला शिंक येत होती.
"शिंकलीस तर याद राख!"

मिठाची बरणी त्यांनी माझ्या घरी ठेवायला दिली. पुन्हा गहू, पुन्हा वास, पुन्हा चीक.

अंकलनी पोस्टर पुढून पाहिलं, मागून पाहिलं. कोपरा नखानं खरवडून पाहिला. मग म्हणाले, "ओके, आंटी. मंडे कम."

पास आला. त्यांच्या नावाचा. त्या दिवशी त्या जितक्या रडल्या तितक्या नवरा गेल्यावरही रडल्या नव्हत्या. ज्यांना यात खटकण्यासारखं काही वाटेल, त्यांनी खुशाल खटकून घ्यावं.

दीर एकटेच परतले. सोबत शैलाताईंनी चिवड्याचा डबा दिला.

हात थरथरायला लागेपर्यंत त्या दुकानात जात राहिल्या. मी म्हणायचे, आता एकदा खऱ्या आल्प्सला जाऊन या की.
"कशाला? तिथे थंडी असते."

दुपारी पुण्याहून त्यांच्या पुतण्याचा फोन आला. त्याच दिरांचा मुलगा. म्हणाला, "काकूंना आता तरी घरी आणू या. मी सगळी व्यवस्था करतो."

मी म्हणाले, "अरे, त्या घरीच आहेत."

तो म्हणाला, "बरं. मग मीच तिकडे येतो."

शैलाताई, भरल्या डोळ्यांनी आणि ताठ मानेनं तुम्हाला शेवटचा नमस्कार.