भाऊजींची बादली

माझ्या धाकट्या दिरांच्या हातांना वास येतो. साबणाने तीनदा धुतले तरी येतो. शेवाळाचा, कुजक्या पानांचा, माशांच्या खाण्याचा, सगळा मिळून एक. लग्न होऊन या घरात आले त्याला एकवीस वर्षं झाली, तेव्हापासून मी त्यांचं ताट टेबलाच्या पलीकडच्या टोकाला वाढते. त्यांना ते कळतं. कधी बोलले नाहीत.

भाऊजी लोकांचे फिशटँक सांभाळतात. दोन दवाखाने, एक कपड्यांचं दुकान, एक वृद्धाश्रम. सायकलला नळी, जाळी अडकवून सकाळी निघतात. काचेवरचं शेवाळ खरवडायचं, तळातली घाण नळीने ओढून काढायची. नळीतून पाणी सुरू व्हावं म्हणून आधी तोंडाने ओढतात. मी ते एकदाच पाहिलं आणि त्या दिवशी जेवले नाही. आमचे हे त्यांना 'शेवाळ्या' म्हणतात आणि भाऊजी त्या नावाला 'ओ' देतात. लग्न केलं नाही. "या हातात हात कोण देणार, वहिनी?" म्हणून हसतात. मी हसत नाही, कारण ते खरंच आहे.

एवढं सगळं मी चालवून घेतलं. पण त्या दिवशी मी देवापुढे दिवा लावत होते, आणि भाऊजी बादली घेऊन सरळ न्हाणीघरात शिरले.

बादलीत विटेएवढा एक स्पंज होता. काळाकुट्ट, बुळबुळीत. फिल्टरमधला. पाणी कोमट ठेवायला एक हीटर, आणि बुडबुडे सोडणारा छोटा पंप. हे सगळं माझ्या आंघोळीच्या मगाशेजारी.

"हे काय आणलंत?"

"पाहुणे आहेत. दहा दिवस राहतील."

"भाऊजी, थट्टा पुरे. बाहेर ठेवा ते."

"बाहेर वीज कुठून देऊ?" ते पाटावर बसले. "आश्रमातल्या माशांवर पांढरे ठिपके आलेत, मीठ शिंपडल्यासारखे. औषध द्यायलाच हवं. पण या घाणीत जिवाणू असतात, वहिनी. मासे जी घाण करतात तिचं विष होतं, ते हे खातात. औषधाने रोगाबरोबर हेही मेले, तर मासे रोगातून वाचतील आणि स्वतःच्याच घाणीत मरतील."

"आणि रोग या स्पंजातूनच परत गेला तर?"

"ठिपक्यांच्या त्या किड्याला जगायला माशाचं अंग लागतं. इथे मासा कुठाय? चार-सहा दिवसांत उपाशी मरतो."

"मग तुमचे पाहुणे नाही का मरणार उपाशी?"

"म्हणून तर जेवू घालायचं," असं म्हणून त्यांनी माशांच्या खाण्याची चिमूट बादलीत टाकली. ते सडावं म्हणून. अन्न मुद्दाम सडवायचं, तेही माझ्या घरात! मला शिसारी आली. मी आणखी बोलणार होते, पण गेल्या वर्षीचं आठवलं.

गेल्या वर्षी आश्रमाच्या याच टाकीत रोग आला होता. भाऊजींनी घाईत दुप्पट औषध ओतलं आणि स्पंज नळाखाली धुऊन पांढराशुभ्र केला. चौथ्या दिवशी सकाळी, आश्रमातली मंडळी चहाला जमलेली असताना, एकोणीस मासे पोट वर करून तरंगत होते. खुर्चीत बसून रोज मासे मोजणाऱ्या एका आजींनी विचारलं, "औषधानेच गेले ना? आमच्यातलेही तसेच जातात." भाऊजींनी ते एकेक जाळीने काढले. रात्री ताट सारून म्हणाले, "वहिनी, माझी मलाच किळस येते." आश्रमाच्या मॅनेजरने बजावलं होतं, की पुन्हा असं झालं तर टाकी भंगारात जाईल.

म्हणून मी बादली तिथेच राहू दिली. आंघोळ मात्र भिंतीकडे तोंड करून करू लागले.

भाऊजी रोज आश्रमात जायचे. स्पंज नाही तर विष साठतं, म्हणून अर्धं पाणी काढायचं, नवं भरायचं, त्या पाण्यापुरतं औषध घालायचं. सातव्या दिवशी ते तिकडे असताना सकाळी अकराला आमच्याकडची वीज गेली. न्हाणीघरातली बुडबुड थांबली. मला आधी बरंच वाटलं. मग फोन केला.

"अगंबाई, किती वेळ झाला?" भाऊजी घाबरले की बायकांसारखं बोलतात.

"अर्धा तास. दोनपर्यंत येणार नाही म्हणतात."

"माझी टाकी अर्धी रिकामी आहे, निघता येत नाही. हवा मिळाली नाही तर गुदमरतील ते. वहिनी, आधी वास घ्या."

"कशाचा?"

"स्पंजाचा. ओल्या मातीचा आला तर जिवंत आहेत. सडक्या अंड्याचा आला तर सगळं संपलं. नाक अगदी जवळ न्या, दारातून नाही कळायचं."

"मी दारात आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"एकवीस वर्षं झाली, वहिनी."

मी वाकले. श्वास घेतला. खोटं कशाला सांगू? माती होती. खाली कुठेतरी घाण होती, पण माती होती.

"आता मगाने पाणी उचला आणि उंचावरून ओता. थांबू नका."

तो मग माझा, आंघोळीचा. माझा रोजचा जप राहिला होता. देवाची क्षमा मागून एका नामाला एक मग धरला. तो काळा गाळ हलायचा, तवंग फुटायचा, शिंतोडे उडायचे. एक सरळ ओठावर आला. मी थुंकले, नामही चुकलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पाठ मोडली. पावणेतीन तास!

भाऊजी आले ते चप्पल न काढताच आत. अख्खं तोंड बादलीत घातलं. मला तेही बघवेना. वर आले तेव्हा नाकाच्या शेंड्यावर गाळ होता.

"मातीच," म्हणाले, आणि रडले.

रात्री जेवताना आमचे हे नाक मुरडत म्हणाले, "आज या बाजूने कसला वास येतोय?" मी दोनदा आंघोळ केली होती, तरीही.

"माझाच," भाऊजी पलीकडून म्हणाले.

दहा दिवस झाल्यावर टाकीतलं औषध कोळशाने आणि नव्या पाण्याने काढून स्पंज परत बसवला. मग चौथ्या दिवसाची वाट पाहिली. त्या दिवशी भाऊजी सकाळीच गेले, दुपारी परतले. मी दारातच होते.

"आजींनी दोनदा मोजले," ते म्हणाले. "अकराच्या अकरा."

मी देवाला हात जोडले. मग रिकामी बादली ओढून घेतली आणि फिनाईलने घासली. तीनदा. आंघोळीचा तो मग तर सरळ कचऱ्यात टाकला. बादली पालथी घालण्याआधी, सवयच लागली म्हणायची, तिच्यात नाक घातलं. नुसतं फिनाईल. आत काहीही जिवंत नव्हतं. तेव्हा कुठे मी समाधानाने आंघोळीला बसले.